आधी काय, मग काय

आपण रोज आरतीनंतर करुणात्रिपदी म्हणतो. मीही दत्त चौकात उभा राहून कित्येक वर्षं म्हणत आलो. पण ती रचणारे प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज यांचं चरित्र मात्र मी फार उशिरा, आई गेल्यावर वाचलं.

महाराजांचा जन्म 1854 साली सावंतवाडीजवळच्या माणगावचा. घरी वेदविद्या, पुढे विवाह, पत्नी अन्नपूर्णाबाई. 1883 मध्ये त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभारलं. दर्शनाला गर्दी होऊ लागली, गावाचं क्षेत्र झालं. एखादा तिथंच रमला असता. पण 1889 मध्ये दत्तप्रभूंची आज्ञा होताच, होतं ते तसंच ठेवून महाराज पत्नीसह बाहेर पडले.

मनात संन्यासाची ओढ होती. तरी हात धरून आणलेल्या पत्नीला त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. 1891 मध्ये गोदाकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई आजारी पडल्या आणि तिथंच गेल्या. महाराजांनी तेरा दिवसांचं सगळं यथासांग केलं आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. आधी पतीचा धर्म, मग यतीचा.

इथं मी पोथी मिटली. कारण भावाशी जागेच्या वाटणीचा माझा दावा बारा वर्षं चालला होता. एकही तारीख मी चुकवली नाही. आई बाहेरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. गाणगापूरला ने रे एकदा, एवढंच तिचं मागणं. सोलापूरहून गाणगापूर ते केवढं! पुढच्या महिन्यात नेतो, म्हणत राहिलो. ती गेली त्या दिवशीही मी कोर्टातच होतो.

संन्यासानंतर महाराज तेवीस वर्षं पायी हिंडले, वाहन नाही. जवळ दंड, कमंडलू, चार वस्त्रं आणि पोथ्या. स्नान, जप, भिक्षा यांच्या वेळा ठरलेल्या. एवढ्या भ्रमंतीत दत्तपुराणासारखे ग्रंथ झाले. करुणात्रिपदी 1905 मध्ये नरसोबाच्या वाडीला झाली. 1914 साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला त्यांनी देह ठेवला. मागे ना जागा, ना दावा.

घर सोडा, असं महाराजांनी संसारी माणसाला शिकवलं नाही. ज्याचा जो धर्म, तो त्यानं वेळेवर करावा, एवढंच. मला वेळच कळली नव्हती.

गेल्या दत्तजयंतीआधी मी भावाकडे गेलो. दावा मिटवला, दोन हात जागा कमी घेतली. मग दोघं मिळून आईचं नाव घेत गाणगापूरला जाऊन आलो. संगमावर भाऊ रडला, मीही रडलो. आई मात्र बरोबर नव्हती.

वाचकहो, आपल्या घरी बाहेरच्या खोलीत कुणी वाट बघत असेल, तर हा अंक खाली ठेवा आणि आधी तिकडं जा. पारायण नंतरही होईल.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥