थॉमस ओल्डहॅम

जालना जिल्ह्यात विहीर खणू लागले, की माती व मुरूम संपताच काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हाच पाषाण तप्त शिलारसाच्या रूपाने भूगर्भातून वर आला आणि थिजला. आज तो थंडगार आहे. परंतु पृथ्वीचे पोट अद्याप निवालेले नाही. खोल जावे तसतशी दर किलोमीटरला साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता वाढत जाते. ही उष्णता भारतात कोठे कोठे झऱ्यांच्या रूपाने वर येते, याची विस्तृत नोंद ज्यांनी केली, ते थॉमस ओल्डहॅम होत.

त्यांचा जन्म ४ मे १८१६ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. एडिंबरो येथे शिक्षण घेत असता त्यांना भूगर्भशास्त्राची गोडी लागली. पुढे ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्राध्यापक व आयर्लंडच्या भूगर्भ-पाहणीचे प्रमुख झाले. असे मानाचे स्थान सोडून त्यांनी हिंदुस्थानची वाट धरली. त्यांच्या अगोदर याच कामावर आलेले विल्यम्स १८४८ मध्ये रानातील तापाने दगावले होते. तेव्हा हे धाडस सामान्य नव्हते.

मार्च १८५१ मध्ये ओल्डहॅम कलकत्त्यास उतरले. त्यांचे कार्यालय म्हणजे एक खोली, एक पेटी आणि एक चपराशी! कंपनी सरकारला हवा होता कोळसा, तोही सत्वर. ओल्डहॅम यांचे मत निराळे होते. सगळ्या देशाचे थर नीट ओळखल्यावाचून कोळशाचा शोध म्हणजे अंधारात चाचपडणे होय, असे ते मानीत. त्यांनी तरुण सहकारी जमविले, नकाशे काढविले आणि संशोधनाचे ग्रंथ छापण्यास आरंभ केला. त्यांच्यापैकी विल्यम ब्लॅनफर्ड यांनी आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा अभ्यास केला. पंचवीस वर्षांत त्या एका खोलीतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही मोठी संस्था उभी राहिली.

कोळसा शोधणाऱ्या गृहस्थाने उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, उठाठेव का करावी? पृथ्वीच्या पोटात हात घालता येत नाही. झरा मात्र तेथील वार्ता आपण होऊन वर आणतो. कोकणात जागता ज्वालामुखी नाही. तरीही दापोली तालुक्यातील उन्हवरे येथील पाणी सुमारे ७० अंश तप्त असते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तेथे तापते आणि पुन्हा वर येते. ओल्डहॅम यांनी देशभरातील अशा सुमारे तीनशे झऱ्यांची माहिती गोळा केली. भूकंपांचीही यादी ते करीत होते. १८६९ च्या काचार येथील भूकंपानंतर त्या प्रदेशात जाऊन त्यांनी जमिनीच्या भेगा तपासल्या.

१८७६ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि १७ जुलै १८७८ रोजी रग्बी येथे निधन पावले. दोन्ही याद्या अप्रकाशितच राहिल्या होत्या! वडिलांचे कागद पुत्र रिचर्ड यांनी हाती घेतले. झऱ्यांची यादी १८८२ मध्ये व भूकंपांची १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. याच रिचर्ड यांनी पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून पृथ्वीला निराळा गाभा असल्याचे दाखविले.

यादी करणे हे रुक्ष काम वाटते खरे. परंतु न्यूझीलंडमधील वैराकेई येथे काय घडले, ते पाहावे. तेथे १९५८ पासून भूगर्भातील वाफेवर वीज निर्माण होऊ लागली. पाणी व वाफ उपसल्याने खालचा दाब घटला. जुनी कारंजी आटली आणि जवळची दुसरी जमीन अधिक तापून वाफाळू लागली. म्हणून आता अशा ठिकाणी जमिनीवर एक पात्र पालथे घालतात, त्यात किती वेळात किती कार्बन डायऑक्साइड साठतो हे यंत्राने मोजतात आणि जमिनीची उष्णताही वरचेवर टिपतात. मात्र वीजकेंद्र उभे राहण्यापूर्वी वायू व उष्णता किती होती, हे ठाऊक नसेल, तर वाढ झाली की नाही हे सांगणार कसे?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९१ मध्ये देशाच्या भू-उष्णतेचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. ओल्डहॅम यांच्या यादीत पुढच्या पिढ्यांनी घातलेली भर त्यात आहे. कोकणातील झऱ्यांवर अद्याप वीजकेंद्र उभारलेले नाही. तेथील मोजणी मात्र चालू आहे.