बंद दाराआडची शर्ली जॅक्सन

कळंब म्हटले की बाहेरगावच्या माणसाला चिंतामणीचे देऊळ आठवते. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली गेले म्हणजे देवाचे दर्शन होते. यवतमाळ-नागपूर रस्त्याने जाणारे कितीतरी प्रवासी तेवढ्यासाठी इथे उतरतात. परंतु लहानपणी आम्हां पोरांना त्या देवळाहून अधिक ओढ होती ती आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या एका पडक्या वाड्याची. तिथे दोन बहिणी राहत. थोरलीला सारे मोठ्या बाई म्हणत, धाकटीला लहान्या बाई. दोघीही बिनलग्नाच्या. मोठ्या बाई कधी कोणाच्या दृष्टीस पडत नसत. लहान्या बाई आठवडी बाजाराला पिशवी घेऊन निघत, खाली मान घालून भाजी-किराणा घेत आणि घरी येऊन आतून कडी लावीत. त्या करणी करतात, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. कोणी सांगितले, कधी पाहिले, हे विचारण्याची आम्हांला कधी गरज वाटली नाही. एका संध्याकाळी पैज लागली आणि मी त्यांच्या टिनाच्या छपरावर दगड भिरकावला. धाडकन आवाज झाला. आतून मात्र कोणी ओरडले नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी पळून गेलो.

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द लॉटरी’ ही कथा शिकवली आणि तो दगड पुन्हा माझ्या हाताला जाणवला. त्यानंतर मिळेल ते तिच्याविषयी वाचले. ते माझ्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शर्लीचा जन्म १४ डिसेंबर १९१६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. तिच्या आईकडच्या घराण्यात वास्तुशिल्पी होऊन गेले होते. श्रीमंतांच्या टोलेजंग हवेल्या त्यांनी बांधल्या होत्या. तिच्या लेखनात घर हे नुसते घर नसून एक जिवंत पात्र असते. त्याचे मूळ इथे असावे असे मला वाटते. घरची स्थिती उत्तम होती. उणीव होती ती एकाच गोष्टीची. आईला हवी होती नाजूक, टापटिपीची, चारचौघींत उठून दिसणारी मुलगी. आणि शर्ली निघाली स्थूल, अव्यवस्थित, आपल्याच तंद्रीत कागद खरडणारी. आईची ही नापसंती तिला आयुष्यभर पुरली. १९३३ मध्ये कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, रॉचेस्टर येथे, राहायला गेले. नव्या शाळेत ती परकी ठरली. तिथल्या विद्यापीठातही तिचे मन रमले नाही. ते शिक्षण अर्धवट सोडून तिने एक वर्ष घरी बसून काढले. मात्र ते वर्ष रिकामे गेले नाही. रोज एक हजार शब्द लिहायचेच, असा नेम तिने स्वतःला घालून घेतला होता.

पुढे ती सिरॅक्यूज विद्यापीठात गेली. आपल्या या वार्षिकाच्या वाचकांना विशेष आवडेल अशी गोष्ट इथे घडली. तिची ‘जॅनिस’ नावाची एक लहानशी कथा विद्यार्थ्यांच्या मासिकात छापून आली. स्टॅन्ले हायमन नावाच्या विद्यार्थ्याने ती वाचली, अंक मिटला आणि ही मुलगी कोण याचा शोध घेत सुटला. कथा लिहिणारीशी आपण लग्न करणार, असे त्याने तिला पाहण्याआधीच ठरवून टाकले होते! दोघांनी मिळून ‘स्पेक्टर’ नावाचे नियतकालिक काढले. त्याचे चारच अंक निघाले. पण तेवढ्यातही विद्यापीठातील वर्णभेदावर टीका करायला ही जोडी कचरली नाही. १९४० मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी लग्नही झाले. तो ज्यू, ती ख्रिस्ती. दोन्ही घरांतून विरोध झाला.

१९४५ मध्ये हे कुटुंब व्हर्मॉन्ट राज्यातील नॉर्थ बेनिंग्टन या लहान गावी आले. हायमन जवळच्या महाविद्यालयात शिकवू लागला. आपल्या तालुक्याच्या गावात परगावचे प्राध्यापक येऊन राहतात, तशीच ही गोष्ट. गाव त्यांना दुकानात, टपालकचेरीत भेटत होते, परंतु आपले म्हणत नव्हते. नवरा ज्यू, बायको गबाळी, घरात हजारो पुस्तके, रात्री उशिरापर्यंत दिवे आणि पाहुण्यांची वर्दळ. त्यातून ती जादूटोण्यावरची पुस्तके जमवी आणि स्वतःला गमतीने चेटकीण म्हणवून घेई. गावाला बोलायला आणखी काय हवे?

१९४८ च्या उन्हाळ्याआधीची एक सकाळ. मुलीला ढकलगाडीत बसवून, वाणसामान घेऊन शर्ली टेकडी चढत होती. चढता चढता तिला कथा सुचली. घरी येऊन सामान ठेवले आणि एका बैठकीत तिने ती लिहून काढली. हीच ‘द लॉटरी’. २६ जून १९४८ च्या ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात ती प्रसिद्ध झाली. एका नीटनेटक्या खेड्यात दरवर्षी सोडत निघते. लोक हसत-खेळत जमतात, पोरे दगडांचे ढीग रचतात. ज्या बाईच्या नावाने खुणेची चिठ्ठी निघते, तिला सारे गाव मिळून दगडांनी ठार करते. त्यात तिचे नातलग असतात, शेजारणी असतात. का, तर पूर्वापार चालत आले आहे म्हणून. कथा संपते तिथे वाचकाला आपल्याच तळहाताकडे पाहावेसे वाटते.

त्या उन्हाळ्यात तिला तीनशेहून अधिक पत्रे आली. त्यांतली गोड बोलणारी जेमतेम तेरा, तीही बहुतेक ओळखीच्यांची! कोणी चिडले, कोणी गोंधळले. सर्वांत भयंकर पत्रे निराळीच होती. ही सोडत नेमकी कुठल्या गावी निघते, आम्हांला पाहायला जाता येईल काय, अशी विचारणा करणारी. आईनेही ही कथा आपल्याला आणि वडिलांना आवडली नसल्याचे कळवले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तर तिच्यावर बंदीच घातली. आपल्या कथेचा अर्थ निदान तिथे तरी समजला, याचा शर्लीला अभिमान वाटे.

या काळात तिच्यामागे चार मुले, स्वयंपाक, धुणे आणि पाहुणे होते. नवरा विद्वान समीक्षक होता, तिच्या लेखनाचा चाहताही होता. पण घरकामाला त्याचा हात लागत नसे आणि त्याच्या परस्त्रीसंबंधांची सल तिला सतत सोसावी लागली. याच संसारावर तिने ‘लाइफ अमंग द सॅव्हेजेस’ (१९५३) आणि ‘रेझिंग डीमन्स’ (१९५७) ही दोन खुसखुशीत पुस्तके लिहिली. एकीकडे मुलांच्या खोड्यांवर हसवणारी ही बाई दुसरीकडे ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) ही अंगावर काटा आणणारी कादंबरी लिहीत होती. १९६३ मध्ये तिच्यावर गाजलेला चित्रपटही निघाला.

मला मात्र तिची खरी ओळख पटली ती १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वुइ हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल’ या कादंबरीत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, आम्ही पहिल्यापासून गढीतच राहत आलो! ब्लॅकवुड घराण्याच्या मोठ्या घरात दोन बहिणी राहतात. थोरली कॉन्स्टन्स, धाकटी मेरिकॅट. सोबतीला एक पंगू काका आणि एक मांजर. सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या वेळी साखरेतून विष जाऊन घरातली बाकी माणसे मेली. थोरलीवर खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. पण गावाच्या कोर्टात ती कधी सुटलीच नाही. ती आता घराच्या बागेपलीकडे पाऊल टाकत नाही. आठवड्यातून दोनदा धाकटीच गावात जाऊन सामान आणते. तेव्हा पोरे तिच्यामागे गाणी म्हणत चिडवतात. अशा या घरात एक दिवस चार्ल्स नावाचा चुलतभाऊ येऊन टपकतो. त्याचे बोलणे गोड असले तरी नजर तिजोरीवर असते. पुढे घराला आग लागते. विझवायला आलेले गावकरी आग विझल्यावर परत जात नाहीत. त्यांच्यातला एकजण दगड उचलतो. मग सारेच उचलतात.

विष कोणी घातले, हे मी इथे सांगणार नाही. वाचणाऱ्याचा आनंद हिरावून घेणे बरे नव्हे. एवढेच सांगतो की ते समजल्यावरही मला त्या बहिणींची भीती वाटली नाही. भीती वाटली ती अंगणात उभ्या असलेल्या गर्दीची. पुढे लोक ओशाळतात आणि अंधारात गुपचूप येऊन त्या पडक्या घराच्या उंबऱ्यावर जेवणाची भांडी ठेवून जातात. ते पान वाचून मी पुस्तक मिटले, कारण मला आजी आठवली. त्या दोघी बहिणींसाठी सणावाराला ती माझ्या हाती भाकर-भाजी देत असे. मी ताट ओट्यावर ठेवून मागे न पाहता धूम ठोकी. दगड फेकणारा आणि ताट ठेवणारा पोरगा एकच होता. दोन्ही वेळा त्याने दार उघडण्याची वाट मात्र पाहिली नाही.

कादंबरीचे कौतुक झाले. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम दहा कादंबऱ्यांत तिची गणना केली. पण त्याच साप्ताहिकात छापलेला फोटो पाहून, असा अवतार लोकांना कशाला दाखवतेस, अशा आशयाचे पत्र आईने लिहिले. संतापून शर्लीने उत्तर लिहिले, पण ते पाठवले नाही. आणि मग जे तिने लिहिले तेच तिच्या वाट्याला आले. त्या हिवाळ्यात तिला घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले. टपालकचेरीपर्यंत जायचे म्हटले तरी छाती धडधडू लागे. कित्येक महिने तिने बंद दाराआड काढले. बहिणींना तिने सुखाने कोंडून घेतलेले दाखवले होते. तिला स्वतःला मात्र कोंडणे हे सुख नसून आजार आहे हे कळून चुकले.

इथेच मला तिचा मोठेपणा दिसतो. तिने मानसोपचार घेतले. पुन्हा रोज थोडे थोडे लिहायला बसली. प्रथम अंगणात, मग गावात, असे करीत ती बाहेर पडली. १९६४ मध्ये ब्रेड लोफ येथील लेखक-शिबिरात तिने शिकवले, ठिकठिकाणी व्याख्याने दिली. नवी कादंबरी हाती घेतली ती एका विधवेची, जी जुने घर विकून, नवे नाव घेऊन, हसतमुखाने अनोळखी शहरात उतरते. ती कादंबरी अपुरी राहिली. ८ ऑगस्ट १९६५ रोजी दुपारी ती विश्रांतीसाठी आडवी झाली, ती उठलीच नाही. वय अवघे ४८ होते. अपुऱ्या कादंबरीची पाने हायमनने १९६८ मध्ये प्रसिद्ध केली.

मध्यंतरी तिला केवळ भयकथा लिहिणारी म्हणून बाजूला सारण्यात आले होते. आता तशी स्थिती नाही. २००७ पासून तिच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात. दोन बहिणींच्या कादंबरीवरही २०१८ मध्ये चित्रपट झाला. आणि ज्या नॉर्थ बेनिंग्टनने तिला परके मानले, तेच गाव अलीकडे २७ जूनला, म्हणजे कथेतल्या सोडतीच्या तारखेला, तिचा दिवस साजरा करू लागले. उंबऱ्यावर ठेवलेल्या ताटासारखेच हे झाले. उशिरा का होईना, ठेवले हे चांगलेच. पण ज्याच्यासाठी ठेवायचे तो खायला असता तर बरे झाले असते.

आमच्या गल्लीतल्या मोठ्या बाई मी दहावीत असताना गेल्या. लहान्या बाईंना दूरचे कोणी नातलग घेऊन गेले. वाडा पाडताना आत काय निघाले, म्हणून मी मजुरांना विचारले. एक जाते, देवाच्या तसबिरी, जुन्या चौथीच्या पुस्तकांचा गठ्ठा आणि छपराखाली ठिकठिकाणी मांडून ठेवलेली भांडी. टिन फुटले होते, तिथून पाणी गळत असे. करणीचे काही निघाले नाही.

त्यांतले एखादे भोक माझ्या दगडाचे असेल. मित्रहो, प्रत्येक गावात असे एखादे दार असते. शर्ली जॅक्सन वाचल्यावर त्यावरून जाताना माझे पाय आपोआप मंदावतात. पुढच्या वेळी ताट ठेवून मी पळणार नाही, कडी वाजवून उभा राहीन.