मताच्या हक्कासाठी बाबासाहेब

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात प्रौढ मताधिकार हा दोन ओळींचा विषय असतो. तेवढे पाठ केले की विद्यार्थ्याचे काम भागते. त्या दोन ओळींमागे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याची पस्तीस वर्षे उभी आहेत.

जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब अवघे सत्तावीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्या काळी मत माणसाला नव्हते, मालमत्तेला होते. ठरावीक शेतसारा किंवा कर भरील तोच मतदार. आपल्या प्रवरेकाठच्या मुलखात महारवतनाच्या तुकड्यावर आणि दुसऱ्याच्या रानात राबून जगणाऱ्यांपैकी या कसोटीला कितीजण उतरले असते? बाबासाहेबांचा युक्तिवाद सरळ होता. अस्पृश्यतेमुळेच ज्याला व्यापारधंदा बंद आहे, त्याच्यापाशी मालमत्ता नाही म्हणून त्याला मत नाकारणे हा दुहेरी अन्याय होय. अशिक्षितांच्या हाती मत कशाला, या आक्षेपालाही त्यांनी उत्तर दिले, ते असे की मताचा वापर हेच एक शिक्षण आहे. शिक्षकाच्या नात्याने मला त्या साक्षीतील हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी मताधिकार मागितला.

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. परंतु अंतिम निवडणूक संयुक्त मतदारसंघातून व्हायची होती. तरीही १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात चांगले यश मिळविले. आपल्या नगर जिल्ह्यातून प्रभाकर रोहम त्याच पक्षातर्फे निवडून गेले. १९४६ मध्ये मात्र कराराची खरी किंमत कळली. प्राथमिक फेरीत अस्पृश्य मतदारांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला कौल दिला होता, तरी संयुक्त मतदानात तिचे उमेदवार पडले; आणि त्याच निकालाच्या आधारे कॅबिनेट मिशनने फेडरेशनला बाजूला सारले.

तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. जुलै १९४६ मध्ये पुण्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरले असता फेडरेशनने सत्याग्रह पुकारला. जथ्थ्यामागून जथ्थे निघत, अटक होत आणि तुरुंग भरत. आपल्याकडे महाड आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहांचे जेवढे स्मरण होते, तेवढे या लढ्याचे होत नाही, याची खंत वाटते. त्याच सुमारास बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंच्या वतीने जाणाऱ्या अर्जाच्या प्रती मागविल्या. त्या अमेरिकेत साक्षरतेच्या परीक्षा लावून काळ्या नागरिकांना मतदारयादीबाहेर ठेवले जाई. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावाच्या पुलावर मोर्चेकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे त्या वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला.

भारतात घटनेच्या ३२६ व्या कलमाने मालमत्तेची आणि साक्षरतेची, दोन्ही कुंपणे एकदम पाडली. पण ज्यांनी ते घडविले, त्यांना या मताने दोनदा नाकारले. १९५२ साली उत्तर मुंबईत काजरोळकरांकडून बाबासाहेब चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तेथे प्रत्येक मतदाराला दोन मते होती. एक मत बाबासाहेबांना देऊन दुसरे वाया घालवावे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. ज्या घटनेने मत दिले, तिच्या शिल्पकारानेच मत जाळायला सांगावे हे त्यांना मान्य झाले नाही, अशी आठवण सांगितली जाते. दोन्ही मते दिली गेली. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर काही महिन्यांतच सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशिकमधून, तर बी. सी. कांबळे आपल्याच जिल्ह्यातील कोपरगावातून लोकसभेवर निवडून गेले.