गोल्फच्या काठ्यांवर नंबर नव्हते तेव्हा बॉबी जोन्सने अंतराचं गणित हातानेच जुळवलं होतं

पुणे-सोलापूर हायवेवर कुरकुंभ लागतं. एका बाजूला दौंडचा रस्ता, दुसऱ्या बाजूला बारामतीचा, आणि एमआयडीसीत ये-जा करणारे टँकर. अशा ठिकाणी गॅरेजची कमी नसते. कोणत्याही गॅरेजमध्ये डोकावलात तर पाने नंबरवार लावलेले दिसतील. १०-११, १२-१३, १४-१५. आता समजा, मिस्त्रीकडे १२-१३ चे दोन पाने आहेत आणि १४-१५ चा हरवलाय. मोजायला गेलं तर पाने पुरेपूर. पण १४ चा नट समोर आला की काम अडलंच.

गोल्फ खेळणाऱ्या बहुतेक लोकांच्या बॅगेत नेमका हाच घोळ असतो, आणि बऱ्याच जणांना तो कळतही नाही.

गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. त्यातल्या लोखंडी डोक्याच्या क्लबला आयर्न. आयर्नवर नंबर असतात. नंबर जितका लहान, तितकी दांडी लांब आणि डोकं जास्त उभं, म्हणून चेंडू खालून आणि लांब जातो. नंबर वाढला की डोकं मागे झुकतं, चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. या झुकावाला लॉफ्ट म्हणतात. आजच्या सेटमध्ये ३ नंबरचा लॉफ्ट साधारण २० अंशांच्या आसपास असतो, आणि पुढच्या प्रत्येक नंबराला तो ३-४ अंशांनी वाढतो. दांडी दरवेळी अर्ध्या इंचाने कमी होते. हिशोब असा की एका नंबराने चेंडू १० ते १५ यार्डांनी मागेपुढे पडावा. एक यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडा कमी.

कागदावर हे झकास दिसतं. घोळ होतो तो लांब आयर्नमध्ये, म्हणजे २, ३, ४ मध्ये. क्लबचा वेग कमी असेल तर एवढ्या उभ्या डोक्याने चेंडू वर उठतच नाही. पुरेसा उठला नाही की लवकर खाली येतो. मग ४ नंबरने मारा की ३ नंबरने, चेंडू जवळपास एकाच ठिकाणी पडतो. हे झाले १२-१३ चे दोन पाने!

आता कल्पना करा की या क्लबवर नंबरच नाहीत. प्रत्येकाची दांडी लाकडाची, आणि एका झाडाचं लाकूड दुसऱ्यासारखं लवत नाही. अशा काळात बॉबी जोन्स खेळला आणि जगातला सगळ्यात मोठा गोल्फर ठरला.

रॉबर्ट टायर जोन्स ज्युनियर. जन्म १७ मार्च १९०२, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अटलांटा शहर. वडील वकील. पोरगं लहानपणी सारखं आजारी. घरच्यांनी ईस्ट लेक या गोल्फ क्लबजवळ उन्हाळ्याचा मुक्काम ठोकला आणि तिथे त्याला स्टुअर्ट मेडन नावाचा स्कॉटिश गोल्फर दिसला. रीतसर शिकवणी वगैरे काही नाही. मेडनच्या मागे मागे फिरायचं, बघायचं आणि घरी येऊन तसंच मारायचं. १९१६ मध्ये वयाच्या १४ व्या वर्षी तो यूएस अमॅच्युअर स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला.

पण डोकं भलतंच गरम. फटका चुकला की क्लब भिरकावून द्यायचा. १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूजमधल्या ओल्ड कोर्सवर ब्रिटिश ओपन खेळताना तिसऱ्या फेरीत ११ व्या होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला. साहेबांनी चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडली. याची लाज त्याला आयुष्यभर वाटत राहिली. सात वर्षं मोठ्या स्पर्धा खेळूनही हाती काही लागलं नव्हतं.

खेळासोबत शिक्षण चालूच होतं. १९२२ मध्ये जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९२४ मध्ये हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची, पुढे वकिली. पोट भरलं ते वकिलीवर, कारण गोल्फचं बक्षीस म्हणून त्याने पैसे घेतले नाहीत.

१९२३ ची यूएस ओपन न्यूयॉर्कजवळच्या इनवूडला होती. बॉबी क्रुकशँकशी बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ. १७ होल झाले तरी बरोबरीच. अठराव्याला क्रुकशँकने पाण्याच्या अलीकडेच चेंडू ठेवला. जोन्सचा चेंडू कडेच्या भुसभुशीत मातीत. समोर साधारण १९० यार्ड, आणि ग्रीनच्या आधी पाणी. एक क्लब कमी घेतला तर चेंडू पाण्यात. २१ वर्षांच्या जोन्सने फार विचार न करता लांब आयर्न काढला आणि मारला. चेंडू होलपासून दोन-अडीच मीटरवर थांबला. त्याची पहिली मोठी स्पर्धा त्याने अशी जिंकली.

माझ्या मते हा फटका जितका धाडसाचा, तितकाच ओळखीचा होता. त्या काळी आयर्नला नावं असायची. ड्रायव्हिंग आयर्न, मिड-आयर्न, मिड-मॅशी, मॅशी-आयर्न, मॅशी, शेवटी निब्लिक. एका कारागिराची मॅशी दुसऱ्याच्या मॅशीइतकाच चेंडू टाकेल याची खात्री नाही. खेळाडूने एकेक क्लब हातात घ्यायचा, हलवून बघायचा, मारायचा, पटला तर ठेवायचा. आपल्याकडे क्रिकेटवाले दुकानात बॅट उचलून उचलून बघतात ना, तसंच. जोन्सने वर्षानुवर्षं असाच सेट जमवला. गोल्फवाल्यांमध्ये एक गोष्ट कायम सांगितली जाते. नंतर कधीतरी त्याचे क्लब मोजून पाहिले तर सगळे वजनाच्या तोलात एकमेकांशी जुळलेले निघाले, फक्त आठ नंबरच्या जागेचा एक सोडून. आणि नेमका त्याच क्लबने त्याला कायम त्रास दिला होता म्हणे.

१९२५ च्या यूएस ओपनमध्ये गवतात चेंडू किंचित हलल्याचं फक्त त्यालाच दिसलं. त्याने स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि प्लेऑफमध्ये तो हरला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिथमला ब्रिटिश ओपन. अल वॉट्रस बरोबरीत, दोन होल बाकी. सतराव्याला जोन्सचा चेंडू वाळूत गेला, ग्रीन सुमारे १७५ यार्डांवर आणि मध्ये टेकाडं. त्याने मॅशी-आयर्न काढला. म्हणजे आजचा साधारण ४ नंबर. वाळूचा कणही जास्त न उचलता चेंडू थेट ग्रीनवर, वॉट्रसच्या चेंडूच्या आत. वॉट्रस गडबडला आणि ओपन जोन्सची झाली. त्या जागी आजही पाटी आहे.

१९३० मध्ये त्याने ब्रिटिश अमॅच्युअर, ब्रिटिश ओपन, यूएस ओपन आणि यूएस अमॅच्युअर या चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. आठ वर्षांत १३ मोठ्या स्पर्धा. मग वयाच्या २८ व्या वर्षी त्याने स्पर्धात्मक गोल्फ सोडलं.

त्यानंतर त्याच्यातला इंजिनिअर कामाला लागला. स्पाल्डिंग कंपनीसोबत त्याने पोलादी दांड्यांचे, नंबर टाकलेले, एकमेकांशी जुळणारे आयर्न तयार करवले. पोलादी दांडी लाकडासारखी मनमानी करत नाही, म्हणून एका नंबराचं आणि दुसऱ्याचं अंतर कारखान्यातच बसवता येऊ लागलं. लोकांची लाकडाची सवय इतकी की सुरुवातीच्या पोलादी दांड्यांवर लाकडी दिसणारा थर चढवायचे. काही खेळाडूंनी मात्र बॅगेत वीस-पंचवीस क्लब कोंबायला सुरुवात केली. कॅडीची पाठ मोडायची वेळ आली, तेव्हा १९३८ मध्ये अमेरिकेत १४ क्लबची मर्यादा आली. ती आजही आहे.

आणि म्हणूनच १४ पैकी दोन क्लब एकच काम करत असतील तर ते परवडत नाही. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळा नाहीतर आणखी कुठे, तपासायची रीत एकच. प्रत्येक लांब आयर्नने दहा चेंडू मारा. अगदीच फसलेले सोडा, आणि एखादा छप्पर फाडून गेलेलाही सोडा, कारण आपण तोच लक्षात ठेवतो. उरलेल्यांची सरासरी काढा. मोजायचं ते चेंडू जमिनीला पहिल्यांदा टेकला तिथपर्यंत, घरंगळून थांबला तिथपर्यंत नाही. ३ आणि ४ मध्ये पाच यार्डांचाही फरक येत नसेल तर ३ बाहेर काढा आणि त्या जागी जाड डोक्याचा हायब्रिड घ्या. त्याने चेंडू सहज वर उठतो.

जोन्सने ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभं केलं, १९३४ पासून तिथे मास्टर्स सुरू झाली. १९४८ नंतर मात्र त्याला खेळताच आलं नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूचा सिरिंगोमायेलिया नावाचा आजार. आधी काठी, मग कुबड्या, मग व्हीलचेअर. ज्या हातांना क्लबच्या तोलातला बारीकसा फरक कळायचा, त्यांना पुढे पेन धरणंही जड झालं. १८ डिसेंबर १९७१ ला तो गेला.

त्याआधी १९५८ मध्ये सेंट अँड्रूजने त्याला शहराचं मानाचं नागरिकत्व दिलं होतं. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिलाच अमेरिकन. ओल्ड कोर्सच्या दहाव्या होलला आता त्याचं नाव आहे. ज्या होलवर त्याने चेंडू उचलून स्पर्धा सोडली होती, तो त्याच्या लगेच पुढचा.