उपरोधातून आरोग्यशिक्षण देणारे र. धों. कर्वे

संततिनियमन हा शब्द उच्चारणेही असभ्य मानले जात होते, त्या काळात मराठी वाचकांना लैंगिक आरोग्याचे शास्त्रीय ज्ञान देण्याचे कार्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. शास्त्राइतकाच त्यांचा भर उपरोधावरही होता. या लेखणीने त्यांना वाचक मिळवून दिले, तसेच न्यायालयाची पायरीही चढायला लावली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. वारंवारच्या बाळंतपणांमुळे स्त्रियांच्या प्रकृतीची होणारी हानी आणि गुप्तरोगांविषयीचे अज्ञान पाहून ते या विषयाकडे वळले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. महाविद्यालयाच्या चालकांना हे कार्य मान्य नव्हते. कर्वे यांनी ते सोडले नाही, नोकरी सोडली. या कार्यात पत्नी मालतीबाई यांची त्यांना साथ होती. मूल होऊ न देण्याचा निर्णय उभयतांनी घेतला होता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. संततिनियमनाची साधने, गुप्तरोग, आहार आणि लैंगिक शिक्षण हे त्याचे विषय होते. वाचकांच्या खाजगी शंकांना त्यात स्पष्ट शब्दांत उत्तरे दिली जात. शास्त्रीय माहिती मात्र केवळ माहिती म्हणून लोकांच्या गळी उतरत नाही. तिच्या आड येणारे पूर्वग्रह दूर करण्यासाठी कर्वे यांनी उपहासाचा वापर केला. 'शारदेची पत्रे' या सदरात शारदा या नावाने ते समाजातील घडामोडींचा परखड समाचार घेत.

गणिताच्या प्राध्यापकाची तर्कशुद्धता त्यांच्या उपरोधात दिसते. प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर मान्य करून ते त्याच्या तार्किक शेवटापर्यंत नेणे आणि त्यातील विसंगती वाचकालाच दिसू देणे, अशी ही रीत होती. धर्मग्रंथांचा आधार घेणारे सनातनी त्यातून सुटले नाहीत. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना विरोध करून संयमाचा पुरस्कार करणारे महात्मा गांधीही त्यांच्या टीकेतून सुटले नाहीत.

या परखडपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये झालेल्या खटल्यात त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावरील शंकेला शास्त्रीय उत्तर देणे अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य झाली नाही आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

थोडी सौम्य भाषा वापरली असती, तर विरोध कमी झाला असता, असे म्हणता येईल. कर्वे यांना मात्र ही तडजोड मान्य नव्हती. लोक ज्या विषयाची लाज बाळगतात, त्याच विषयात ते फसवले जातात, ही त्यांची धारणा होती. आर्थिक ओढाताण सोसून, बहुतांश मजकूर स्वतः लिहून त्यांनी हे मासिक २६ वर्षे चालवले.

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतरच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला. त्यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट २००१ मध्ये काढला. न्यायालयातील त्यांच्या लढ्यावर आधारित 'समाजस्वास्थ्य' हे नाटकही पुढे रंगभूमीवर आले. ज्या प्रश्नोत्तरांसाठी त्यांना दंड झाला, तशी प्रश्नोत्तरे पुढे वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरांत नित्याची झाली.