घरात मराठी, कवितेत कन्नड: द. रा. बेंद्रे

कन्नडचे वरकवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे घरात मराठी बोलायचे, हे आपल्याकडं अजून बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जन्म धारवाडचा, ३१ जानेवारी १८९६. वडील लवकर गेले. आई अंबिका, म्हणून कवितेखाली सही अंबिकातनयदत्त. पुण्याच्या फर्ग्युसनमधून बी.ए. होऊन गावी परतले आणि मास्तरकी धरली. ‘नरबली’ या कवितेपायी इंग्रज सरकारनं तुरुंगात टाकलं, नोकरीचेही हाल झाले.

त्यांची कन्नड पुस्तकी नव्हे, तर धारवाडच्या गल्लीतली, बाजारातली. शेजाऱ्यांच्या तोंडून कानावर पडलेली भाषा त्यांनी कवितेत आणली, आणि १९४३ मध्ये शिमोग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद कन्नडिगांनी या मराठी घरातल्या माणसाला दिलं. सीमेवरून भांडणाऱ्या दोन्हीकडच्यांनी हे जरा आठवावं. पुढच्याच वर्षी ते सोलापूरला गेले, मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या त्या शहरातल्या कॉलेजात बारा वर्षं कन्नड शिकवलं. मराठीतही लिहीत राहिले.

‘नाकु तंती’, म्हणजे चार तारा, या संग्रहासाठी १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. धारवाडात साधनकेरीला घर होतं. देह मात्र १९८१ मध्ये मुंबईत ठेवला.