ऑस्कर फिशिंगर : रंगांना चालायला लावणारा चित्रकार

टॅबवर चित्र काढायचं ॲप तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरलं असेल. चित्र पूर्ण झालं की ते ॲप आपण काढलेली एकेक रेष पुन्हा भराभर दाखवतं. बघायला मजा येते ना? हीच गोष्ट घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी एका चित्रकाराने हाताने करून दाखवली. त्यांचं नाव ऑस्कर फिशिंगर.

त्यांचा जन्म २२ जून १९०० रोजी जर्मनीतील गेल्नहाउझेन या गावी झाला. सुरुवातीला त्यांनी ऑर्गन हे वाद्य बनवण्याच्या कामात उमेदवारी केली, पुढे ते इंजिनिअर झाले. म्हणजे एका हातात संगीत आणि दुसऱ्या हातात यंत्र! त्यांनी एक भन्नाट यंत्र बनवलं. रंगीत मेणाच्या ठोकळ्याची पातळ चकती कापायची, कॅमेऱ्याने आतल्या नक्षीचा एक फोटो घ्यायचा, की लगेच पुढची चकती. फोटो सलग दाखवले की नक्षी हलू लागायची.

१९२७ साली खिशात पैसा नसताना ते म्युनिकहून बर्लिनला चक्क पायी निघाले. वाटेत भेटलेली माणसं, ढग, शेतं यांची एकेक फ्रेम टिपत गेले. बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग यांच्या चंद्रप्रवासावरच्या चित्रपटासाठी काम करताना त्यांचा पाय मोडला. पण त्याच काळात कोळशाने कागदावर आकृत्या काढण्याचा त्यांचा नाद वाढला. संगीताच्या तालावर नाचणाऱ्या या आकृत्यांच्या छोट्या फिल्म लोकांना खूप आवडल्या. त्यात ना राजा, ना राणी, ना गोष्ट. नुसत्या रेषा!

पण जर्मनीत नाझी सत्तेवर आले. अशा अमूर्त कलेला ते विकृत कला म्हणत. १९३६ मध्ये फिशिंगर अमेरिकेत हॉलिवूडला गेले. तिथे मात्र वेगळाच त्रास. स्टुडिओंना त्यांचं कसब हवं होतं, पण मनमानी नको होती. डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी त्यांनी बाखच्या संगीतावर आकृत्या तयार केल्या. त्या इतरांनी साध्यासोप्या करून टाकल्या, तेव्हा ते काम सोडून निघून आले. चित्रपटात त्यांचं नावही आलं नाही. घरात मुलंबाळं असताना असं काम सोडणं सोपं नसतं, हे मोठ्यांना विचारा.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येऊ. १९४७ साली त्यांनी 'मोशन पेंटिंग नंबर वन' पूर्ण केलं. पद्धत ऐकायला सोपी आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर तैलरंगाचा एक फटकारा मारायचा आणि एक फ्रेम टिपायची. पुन्हा फटकारा, पुन्हा फ्रेम. रंगाचे थर फार झाले की वर नवी शीट ठेवायची, आपण ॲपमध्ये नवा लेअर घेतो अगदी तशी. पण गणित करून पाहा. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एका मिनिटाला १,४४०. आणि ही फिल्म दहा मिनिटांहून थोडी मोठी! त्यात 'अन्डू'चं बटण नाही. फिल्मवर ते कसं उमटतंय हे न पाहता ते कित्येक महिने रंगवत राहिले.

या कामाला पैसे मिळवून दिले होते गुगेनहाइम संस्थेच्या हिला रीबे यांनी. त्यांना मात्र ही फिल्म पसंत पडली नाही. १९४९ मध्ये बेल्जियममधल्या महोत्सवात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तरीही पुढच्या फिल्मसाठी पैसा काही उभा राहिला नाही. मग फिशिंगर यांनी पोटासाठी जाहिराती केल्या आणि मनासाठी कॅनव्हासवर चित्रं काढली. एवढं बक्षीस मिळवणाऱ्या माणसाच्या हातून अशी दुसरी मोठी फिल्म झालीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तरी ते स्वस्थ बसले नाहीत. 'ल्युमिग्राफ' नावाचं रंगांचं वाद्य त्यांनी बनवलं. अंधारात लवचिक पडद्यामागून हाताने दाबलं की तेवढाच भाग रंगीत प्रकाशात उजळायचा. १९५५ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. ३१ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचं निधन झालं. पुढे त्यांच्या पत्नी एल्फ्रीडे यांनी त्यांच्या फिल्म आणि चित्रं जपली आणि तो ल्युमिग्राफ त्या स्वतः वाजवून दाखवत.